उतारावरचे हिम

वैनगंगेच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटर उंचीवर, धानाच्या बांध्यांमध्ये आणि मालगुजारी तलावांच्या पाळीवर ज्यांचे आयुष्य गेले, त्या भंडारा जिल्ह्यातील माणसांना आकाशातून पडणाऱ्या बर्फाची ओळख आहे ती एवढीच की, एखाद्या फाल्गुनात किंवा चैत्रात अवकाळी गारपीट होते, आंब्याचा मोहर झडतो, उन्हाळी धान झोडपला जातो, आणि तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत गारांचे पाणी होऊन ते जमिनीत जिरूनही गेलेले असते. त्यामुळे हिमालयात कोठे तरी हिमस्खलन झाले, त्यात अमुक गिर्यारोहक किंवा तमुक जवान गाडले गेले, अशी वार्ता येते तेव्हा आपण तिला वीज पडणे, भूकंप होणे अशा दैवी आपत्तींच्या पंक्तीला बसवतो, क्षणभर हळहळतो आणि वर्तमानपत्राचे पान उलटतो. ही समजूत सर्वस्वी निराधार आहे असे नाही. परंतु ती अपुरी आहे, आणि जोपर्यंत आपली मुले त्या उतारांवर जात नव्हती तोपर्यंत तिचे अपुरेपण आपल्याला जाणवण्याचे कारणही नव्हते.

आता ती जातात. पुण्याचे सुरेंद्र चव्हाण हृषिकेश यादव ह्यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेतून १८ मे १९९८ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले, तेव्हा विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून तो पराक्रम दूरच्या देशातील गोष्टीप्रमाणे ऐकला गेला. बरोबर वीस वर्षांनी, २०१८ च्या मे महिन्यात, राज्याच्या आदिवासी विकास विभागाने हाती घेतलेल्या 'मिशन शौर्य' ह्या उपक्रमातून, आमच्या दक्षिणेला लागून असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी त्याच शिखरावर उभे राहिले, आणि पुढच्या वर्षी आश्रमशाळांची दुसरी तुकडी गेली. उत्तरकाशी, मनाली आणि दार्जिलिंग येथील गिर्यारोहण संस्थांची नावे आता आमच्याकडील महाविद्यालयांत परकी राहिलेली नाहीत. सैन्याची वाट तर त्याहून जुनी आहे. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचेनमधील सोनम चौकीवर, १९,६०० फुटांच्या उंचीवर, हिमकड्याचा प्रचंड भाग कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातील सुनील सूर्यवंशी होते. लान्सनायक हणमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी जिवंत सापडले आणि सारा देश त्यांच्यासाठी प्रार्थना करीत राहिला, परंतु ११ फेब्रुवारीला त्यांचीही प्राणज्योत मालवली. त्यानंतरच्या जानेवारीत काश्मीरच्या गुरेझ खोऱ्यात हिमाखाली गेलेल्या जवानांत महाराष्ट्राचे, त्यातही वऱ्हाडातील अकोला जिल्ह्याचे जवान होते.

सैनिकाला चौकी कोठे असावी हे ठरवण्याची मुभा नसते. हुकूम येतो आणि तो तेथे राहतो. गिर्यारोहकाची गोष्ट वेगळी आहे. तो स्वेच्छेने जातो, वाट स्वतः निवडतो, वेळ स्वतः ठरवतो, आणि म्हणूनच त्याच्या बाबतीत 'दैव' हा शब्द फार जपून वापरला पाहिजे असे मला वाटते. युरोप आणि उत्तर अमेरिकेत हिमस्खलनाच्या अपघातांची जी साक्षेपी दप्तरे वर्षानुवर्षे ठेवली गेली, त्यांतून निघालेला निष्कर्ष असा की, ज्या स्खलनांत डोंगरावर हिंडणारी माणसे सापडतात त्यांपैकी बहुतेक, दहांतील सुमारे नऊ, स्वतः त्या माणसाच्या किंवा त्याच्या सोबत्याच्या भारानेच सुटलेली असतात. याचा अर्थ, पर्वत आपण होऊन त्यांच्या अंगावर आला नव्हता. तो त्यांच्या पावलाची वाट पाहत ताणलेल्या अवस्थेत थांबलेला होता, आणि त्या ताणाच्या खुणा जाणत्या माणसाला पुष्कळदा वाचता येण्याजोग्या होत्या.

त्या खुणा कोणत्या, हे समजून घेण्यासाठी हिमाचा स्वभाव पाहिला पाहिजे. खळ्यावर सुपाने धान ओतत गेले की रास वाढते, परंतु तिचा उतार एका मर्यादेपलीकडे उभा होत नाही. त्या मर्यादेला पोहोचल्यावर वरून टाकलेले मूठभर दाणे आणखी मूठभर दाण्यांना घेऊन खाली घरंगळतात. सैल, भुसभुशीत, नुकतेच पडलेले हिम ह्याच न्यायाने वागते. एका बिंदूपासून सुटायचे, खाली पंख्याप्रमाणे पसरत जायचे, असे हे स्खलन बहुधा लहान असते, आणि साठ अंशांहून उभ्या कड्यांवर ते हिमवृष्टी चालू असतानाच वारंवार होत राहिल्याने तेथे मोठा साठा होऊ शकत नाही. पंचवीस अंशांहून कमी उताराच्या पसरटीवर हिम सहसा सुटत नाही. धोक्याचा खरा टापू ह्या दोहोंच्या मधला, विशेषतः तीस ते पंचेचाळीस अंशांचा, आणि दुर्दैव असे की डोंगर चढणाऱ्याला पायाखाली सोयीचा आणि डोळ्याला मोहक वाटणारा उतारही नेमका हाच.

परंतु माणसे मारणारे हिमस्खलन बहुतांशी ह्या सैल हिमाचे नसते. ते लादीचे असते. हिमालयात हिम एकदाच पडत नाही. ते खेपेखेपेने पडते, आणि प्रत्येक खेपेचा थर त्या दिवसाच्या थंडीची, वाऱ्याची आणि उन्हाची नोंद आपल्या अंगात ठेवून खालच्या थरावर बसतो. निरभ्र, शांत, कडाक्याच्या रात्री हिमाच्या पृष्ठभागावर पिसांसारख्या बारीक तुषारस्फटिकांची नक्षी उगवते. पाहणाऱ्याला तिच्याएवढे सुंदर काही नाही, आणि पुढच्या वृष्टीखाली ती पुरली गेली की तिच्याएवढे घातकही काही नाही, कारण वरच्या थराला खालच्याशी जोडून धरण्याचे बळ तिच्यात नसते. त्याचप्रमाणे, हिमाचा थर पातळ आणि हवा अतिशय थंड असेल तर जमिनीच्या बाजूची ऊब आणि पृष्ठभागाची थंडी यांच्यातील तफावत वाढत जाते; दहा सेंटिमीटरांमागे एक अंश सेल्सिअस किंवा अधिक फरक काही दिवस टिकला, तर आतली वाफ वर सरकते आणि तळाशी पेल्याच्या आकाराचे, कोरडे, एकमेकांना न चिकटणारे स्फटिक तयार होतात. मूठभर हातात घेतले तर जाड्या साखरेप्रमाणे ते बोटांतून निसटतात. ह्या कच्च्या थरावर पुढे वाऱ्याने आणलेले हिम दाबून बसले, घट्ट झाले, म्हणजे उतारावर एक अखंड लादी तयार होते; ती खालून सुटलेली असते, मात्र वरच्या कडेने आणि बाजूंनी अडकून राहते. तिच्यावर एका माणसाचा भार पडतो, कच्चा थर त्या ठिकाणी ढासळतो, आणि ती ढासळ डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी शेकडो फूट पसरत जाऊन उताराच्या माथ्यावर आडवी भेग उमटते. चालणारा त्या लादीच्या मध्यावर असतो. त्याच्या वरही हिम आणि खालीही हिम, आणि सगळेच निघालेले.

वाऱ्याचे कर्तृत्व येथे सांगितलेच पाहिजे, कारण मैदानातील माणूस आभाळाकडे पाहून धोका मोजतो आणि फसतो. आभाळ स्वच्छ असले, हिमवृष्टी थांबून दोन दिवस झाले असले, तरी वारा वाहत असेल तर धारेच्या एका अंगाचे हिम उचलून दुसऱ्या, आडोशाच्या अंगावर टाकण्याचे काम अव्याहत चालू असते, आणि काही तासांतच आडोशाच्या उतारावर मोठ्या वृष्टीइतका भार चढतो. उन्हाचे कार्य उलट दिशेने चालते: सकाळची किरणे पडली की वरचे हिम ओलावते, त्याची पकड सैल होते, कड्यांत अडकलेले दगड सुटू लागतात, म्हणून उंच शिखरांवरची माणसे मध्यरात्री किंवा त्याच्याही आधी दिव्याच्या उजेडात निघतात आणि ऊन तापण्यापूर्वी धोक्याचा भाग ओलांडून जाण्याची तजवीज करतात.

आता ह्या सर्व गोष्टी प्रत्यक्षात कशा तपासतात ते सांगतो, कारण गिर्यारोहणाच्या वर्णनांत शिखराची छायाचित्रे पुष्कळ असतात आणि ह्या कामाचे एकही नसते. ज्या उतारावरून जायचे त्याच्याच दिशेचा आणि त्याच्याच चढाचा, परंतु लहान आणि निर्धोक असा तुकडा निवडून त्यात फावड्याने खड्डा खणतात. त्याची वरची भिंत गुळगुळीत तासली की थर दिसू लागतात. मग हातमोजा घातलेल्या हाताने प्रत्येक थर दाबून पाहायचा: मूठ सहज आत गेली तर थर अगदी मऊ, मूठ न जाता चार बोटे गेली तर थोडा घट्ट, नुसते एकच बोट गेले तर त्याहून घट्ट, त्यापुढे पेन्सिलीचे टोक आणि शेवटी चाकू. ज्या ठिकाणी बोटाने कष्टाने भेदावा लागणाऱ्या थराखाली एकदम मूठ आत जाते, तेथे थांबायचे, कारण घट्टावर मऊ ही पर्वतावर सुखाची रचना असते, मात्र मऊवर घट्ट ही संकटाची. त्यानंतर तीस सेंटिमीटर लांबीरुंदीचा एक स्तंभ करवतीने चारी बाजूंनी मोकळा करतात, त्याच्या डोक्यावर फावड्याचे पाते ठेवतात, आणि प्रथम मनगटातून हलकेच दहा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून जोराने दहा थापा मारतात. मनगटाच्या थापांवरच स्तंभाचा वरचा भाग सपाट कापल्याप्रमाणे पुढे सरकला, तर त्या दिवशी त्या उताराकडे पाठ फिरवणे एवढेच शहाणपण उरते. ह्या तपासणीला अर्धा तास लागतो, घाम येतो, बोटे बधिर होतात, आणि तिचा निष्कर्षही त्या एका जागेपुरताच असतो. तरीही चार-पाच आठवड्यांच्या मोहिमेत ह्या अर्ध्या तासाइतके मोलाचे काम दुसरे क्वचितच असेल.

पुष्कळदा खड्डा खणण्याचीही गरज पडत नाही. समोरच्या, तशाच तोंडाच्या उतारावर काल-परवा सुटलेल्या स्खलनाची ताजी खूण दिसणे, पाऊल टाकताच बुटापासून भेग धावत जाणे, आणि भोवतालचे हिम एकाएकी 'धप्प' असा खोल आवाज करून किंचित खाली बसणे, ह्या तीन साक्षी इतक्या खणखणीत आहेत की त्यानंतर दुसरा दाखला मागू नये. तो आवाज म्हणजे पायाखालचा कच्चा थर कोसळल्याची कबुलीच होय. जमीन सपाट होती म्हणून माणूस वाचला, इतकेच.

४ ऑक्टोबर २०२२. त्या दिवशी खंडेनवमी होती. दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्याकडे हलक्या धानाची कापणी तोंडावर आलेली, भारी धान अजून ओंब्यांत उभा, आणि मान्सून परतीच्या वाटेवर. हाच मान्सून, जो आमच्या बांध्यांत चिखल करतो, तो गढवालच्या पाच हजार मीटरांवरील भागात हिमरूपाने उतरतो आणि जाता जाता तेथे नव्या हिमाचे थर टाकून जातो. त्या दिवशी सकाळी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या उच्च अभ्यासक्रमाची तुकडी 'द्रौपदी का डांडा-२' ह्या ५,६७० मीटर उंचीच्या शिखराच्या माथ्याजवळ असताना हिमाची लादी सुटली, आणि प्रशिक्षणार्थी व प्रशिक्षक मिळून २९ जणांचा त्यात बळी गेला. अनेकजण हिमासह खालच्या हिमभेगेत ओढले गेले होते. मृतांत प्रशिक्षिका सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन शिखरे सोळा दिवसांच्या आत सर केली होती. तीनच दिवस आधी, १ ऑक्टोबरला, केदारनाथच्या मागच्या डोंगरावरून हिमाचा लोट खाली येताना यात्रेकरूंनी पाहिला होता. गढवालचे उंच उतार त्या पंधरवड्यात अस्वस्थ होते.

ह्या दुर्घटनेचा उल्लेख मी कोणावर दोष ठेवण्यासाठी करीत नाही. पर्वतावर त्या क्षणी नसलेल्या माणसाला तो अधिकार नाही. परंतु तिने एक गोष्ट अत्यंत वेदनेने सिद्ध केली की, अनुभव हा हिमस्खलनापासून जामीन राहू शकत नाही. ज्या उतारावर शेकडो प्रशिक्षणार्थी वर्षानुवर्षे सुखरूप चढले-उतरले, तो उतार त्या सकाळी त्यांना ओळख दाखवत नव्हता. किंबहुना अनुभवाचा एक सूक्ष्म धोका असा की, कच्च्या उतारावरून माणूस दहा वेळा निर्धास्त जातो, काही घडत नाही, आणि न घडण्यालाच तो आपले कौशल्य समजू लागतो. पर्वत त्याला चूक दाखवून देत नाही, आणि दाखवतो तेव्हा एकदाच.

एव्हरेस्टच्या इतिहासाचा आरंभही याच धड्याने झाला. ७ जून १९२२ रोजी तिबेटच्या बाजूने, नॉर्थ कोल ह्या खिंडीकडे जाणाऱ्या उतारावर, जॉर्ज मॅलरी, सॉमरव्हेल आणि क्रॉफर्ड हे तीन ब्रिटिश गिर्यारोहक चौदा हमालांसह नव्या हिमातून वाट काढीत होते, तेव्हा उतार सुटला. ब्रिटिश तिघे वाचले. नऊ हमाल कड्यावरून खाली फेकले गेले; त्यांतील सात मेले. एव्हरेस्टवर नोंदले गेलेले हे पहिले मृत्यू, आणि ते शिखराच्या ध्यासाने आलेल्यांचे नव्हते, त्यांचे ओझे वाहणाऱ्यांचे होते.

ह्या ओझेकऱ्यांचा विषय निघाला म्हणून, हिमस्खलनाचा दुसरा प्रकार येथेच सांगतो. उंच हिमालयात डोंगरांच्या खांद्यावर हिमनद्या लोंबकळत असतात, आणि त्यांच्या तोंडाशी घरांएवढे, कधी अनेक मजली इमारतींएवढे बर्फाचे सुळके व कडे उभे असतात. हिमनदी हळूहळू पुढे ढकलत असते, म्हणून हे कडे आज ना उद्या कोसळणारच. केव्हा, हे मात्र खड्डा खणून कळत नाही, थापा मारून कळत नाही, रात्र आणि दिवस, थंडी आणि ऊन यांचाही पक्का भरवसा देता येत नाही. येथे मनुष्याच्या हाती उरते ती फक्त एक गोष्ट: त्या कड्यांच्या छायेखाली कमीत कमी वेळ राहणे. १८ एप्रिल २०१४ रोजी भल्या सकाळी एव्हरेस्टच्या पश्चिम खांद्यावरून असा कडा खुंबू हिमप्रपातावर कोसळला आणि १६ नेपाळी कामगार ठार झाले. पुढच्या वर्षी वाट त्या खांद्यापासून दूर, हिमप्रपाताच्या मध्यातून काढण्यात आली. परंतु वाट कोठूनही काढली, तरी हिशेब असा उरतोच की, शिखराचा उमेदवार ती वाट मोजक्या वेळा ओलांडतो आणि त्याचे तंबू, शिधा, दोर व प्राणवायूची नळकांडी वर पोहोचवणारा शेर्पा ती हंगामात कितीतरी अधिक वेळा ओलांडतो. 'वेळ कमी' हा नियम पैशाच्या जोरावर एकाला पाळता येतो आणि उपजीविकेच्या गरजेमुळे दुसऱ्याला मोडावा लागतो. आपल्या विजयी मुलांच्या मिरवणुका काढताना त्यांच्याबरोबर गेलेल्या शेर्पांची नावे फलकावर लिहिण्याची पद्धत आपल्या गावोगावी पडावी, अशी माझी फार इच्छा आहे.

अन्नपूर्णा ह्या ८,०९१ मीटर उंचीच्या शिखराची अपकीर्ती मुख्यतः ह्याच कड्यांमुळे आणि त्यांच्याखालच्या हिमभारित उतारांमुळे आहे. आठ हजार मीटरांवरील चौदा शिखरांत सर्वांत आधी, १९५० साली, माणूस ज्यावर पोहोचला ते हे शिखर. आणि माथा गाठणाऱ्यांच्या तुलनेने प्राणांस मुकणाऱ्यांचे प्रमाण दीर्घकाळ सर्वांत मोठे राहिले तेही ह्याच शिखरावर. १६ एप्रिल २०२१ रोजी पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेचे गिर्यारोहक तेथे पोहोचले, आणि त्याच दिवशी साताऱ्याच्या प्रियांका मोहिते पोहोचल्या. आपल्या लोकांनी ह्या यशाचे कौतुक केले ते योग्यच झाले. परंतु अशा शिखरावर कोणत्या दिवशी तंबूत बसून राहायचे आणि कोणत्या रात्री निघायचे, ह्या निर्णयांत त्या यशाचा किती मोठा वाटा असतो हे कौतुक करणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

दैवाचा भाग मुळीच नाही, असे मात्र कोणी समजू नये. २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळमधील भूकंपाने पुमोरी शिखराच्या बाजूचे बर्फ व दगड हलवले आणि त्यांच्या लोटासह आलेल्या वाऱ्याच्या झोताने एव्हरेस्टचा पायथ्याचा तळ उद्ध्वस्त केला. जी जागा सर्वांत सुरक्षित मानून माणसे विश्रांतीला उतरत, तेथेच ती मृत्युमुखी पडली. अशा प्रसंगी कोणाच्या हातून काय चुकले हे शोधत बसणे निरर्थक होय.

हिमाखाली गेलेल्या माणसाचे पुढे काय होते, हे लिहिताना लेखणी अडखळते. परंतु तेच नीट माहीत नसल्यामुळे अनेक जीव गेले आहेत. वाहत असताना जे हिम पाण्यासारखे असते ते थांबताक्षणी घट्ट बसते, इतके की हात वर काढणे दूरच, बोट हलवणेही अशक्य होते. तोंडासमोर थोडी पोकळी राहिली असेल तर श्वासाच्या उबेने तिच्या कडा वितळतात, पुन्हा गोठतात, आणि हवा झिरपू न देणारा बर्फाचा पापुद्रा तयार होतो. बहुतेकांचा अंत थंडीने होत नाही, गुदमरून होतो. स्वित्झर्लंडमधील दीर्घकाळच्या नोंदी सांगतात की, पूर्ण गाडली गेलेली माणसे पहिल्या पंधरा मिनिटांच्या आसपास बाहेर काढली तर दहांतील नऊ जगतात. अर्ध्या तासाच्या थोडे पुढे गेले की तिघांतील एकच जगतो. हेलिकॉप्टर, सैन्याची तुकडी, खालच्या गावची मदत, यांपैकी काहीही त्या पंधरा मिनिटांत पोहोचत नाही. वाचवू शकतो तो शेजारी चालणारा सोबती, आणि तोही तेव्हाच, जेव्हा गाडल्या गेलेल्याच्या छातीवर ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडणारे शोधयंत्र चालू असेल, शोधणाऱ्याकडे तसेच यंत्र, जोडून लांब होणारी सळई आणि धातूचे फावडे असेल, आणि ही तिन्ही साधने वापरण्याचा सराव त्याने घरून निघण्यापूर्वी पुनःपुन्हा केलेला असेल. हाताने हे हिम उकरता येत नाही. सळई कोठे तरी मऊ लागते, मग फावड्याने वरून थेट खाली न खणता उताराच्या खालच्या बाजूने आडवे खणत जायचे, म्हणजे श्वासाची पोकळी खचत नाही. अशा बारीक तपशिलांवर एक आयुष्य टिकते किंवा जाते.

सर्वांत चांगली सुटका अर्थात न गाडले जाण्यातच आहे, आणि त्यासाठी आपल्या देशात एक व्यवस्था उभी आहे याची माहिती मैदानातल्या लोकांना सहसा नसते. हिमप्रदेशातील रस्ते आणि चौक्या यांच्या रक्षणासाठी १९६९ साली मनाली येथे हिम व हिमस्खलन अभ्यासाची संस्था स्थापन झाली. २०२० साली तिचे रूपांतर चंडीगडच्या नव्या संरक्षण संशोधन संस्थेत झाले. ती हिवाळ्यात जिल्ह्यांनुसार आणि उंचीनुसार हिमस्खलनाचे इशारे प्रसिद्ध करते. इशारा जिल्ह्याचा असतो, एका उताराचा नसतो, आणि उंच शिखरांवरील मोहिमांना त्यावर अवलंबून राहता येत नाही हे खरे. तरीही ज्याने तो पाहिलाही नाही त्याला सबब उरत नाही. युरोप-अमेरिकेतील घाटरस्त्यांवर हिम धोकादायक होण्याआधीच सुरुंग लावून ते ठरल्या वेळी पाडतात. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीमुळे स्फोटकांचे बळ आणि त्यांचे भय हे दोन्ही आमच्या जिल्ह्याने जवळून पाहिले आहे. परंतु आठ हजार मीटरांच्या शिखरावर कोणी सुरुंग लावीत नाही, तेथे हिम आपल्या वेळेने पडते आणि माणसाला आपली वेळ त्याच्याशी जुळवून घ्यावी लागते.

जुळवून घेणे म्हणजे पुष्कळदा माघारी फिरणे. येथेच सर्वांत कठीण प्रश्न उभा राहतो, आणि तो हिमाचा नसून माणसांचा आहे. परवान्याचे पैसे भरलेले असतात, ते परत मिळत नाहीत. देणगीदारांची नावे झेंड्यावर छापलेली असतात. रजा संपत आलेली असते, परतीचे आरक्षण झालेले असते, आणि गावात सत्काराच्या कमानीचा खर्चही कोणी तरी कबूल केलेला असतो. शिखरापासून शे-दोनशे मीटरांवर उभ्या असलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर हा सारा भार असतो, आणि त्याच्या पायाखालचा उतार मात्र फक्त त्याचे वजन मोजत असतो. आम्ही मैदानातले लोक ह्या भारात भर घालतो. जो माथ्यावर पोहोचला त्याचाच हार-तुऱ्यांनी सत्कार, आणि जो उतार पाहून खाली आला त्याला 'थोडक्यात राहिले' अशी सांत्वना, ही आमची रीत मला क्रूर वाटते. चंद्रपूरच्या ज्या मुलांची २०१८ साली माथ्यापर्यंत मजल गेली नाही, त्यांचे परिश्रम पाच यशस्वी मुलांच्या परिश्रमांहून तसूभरही कमी नव्हते.

गिर्यारोहणाच्या अभ्यासक्रमाला किंवा मोहिमेला मुलगा-मुलगी निघाली की पालकांपुढे एक संमतीपत्र येते. त्यावर सही करताना आमच्याकडील बाप बहुधा खर्च विचारतो, आई स्वेटर आणि खाण्याचे विचारते, आणि दोघेही 'सांभाळून जा' म्हणून मोकळी होतात. त्याऐवजी त्यांनी आयोजकांना विचारावे: ज्या वाटेने नेणार त्या वाटेवर तीस अंशांहून उभा उतार किती आहे, आणि त्याच्या डोक्यावर लोंबकळती हिमनदी आहे की नाही, हिमवृष्टीनंतर किती वेळ थांबण्याचा त्यांचा शिरस्ता आहे, धोक्याच्या उतारावरून सर्वांना एकदम नेतात की अंतर ठेवून एकेकाला, प्रत्येक मुलाजवळ शोधयंत्र, सळई आणि फावडे असेल की तुकडीमागे एकच संच, आणि माघार घेण्याचा शेवटचा शब्द कोणाचा, नेत्याचा, प्रशिक्षकाचा की शेर्पाचा. ज्या संस्थेकडे ह्या प्रश्नांची उत्तरे निघण्यापूर्वीच कागदावर लिहून तयार असतात, आणि ती दाखवताना जिला प्रश्नाचा राग येत नाही, तेथे सही करावी. एरवी आपल्या मुलाला त्या वर्षी सह्याद्रीतच आणखी एक हंगाम घालवू द्यावा.